पुण्याहून मद्रासच्या ट्रॅकवर: ड्रायव्हिंग स्कूलला स्वतःची गाडी नेताना

पुण्याबाहेरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळूर करत थेट चेन्नईला जातो. चेन्नई साधारण ४० किलोमीटरवर असताना, श्रीपेरुंबुदूरजवळच्या इरुंगट्टुकोट्टईत मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ३.७१७ किलोमीटरचा ट्रॅक आहे. पुण्याहून अंतर जवळपास साडेअकराशे किलोमीटर. ट्रॅकवर गाडी हाताळायला शिकवणाऱ्या शाळा इथे आणि कोइम्बतूरच्या २.१ किलोमीटरच्या कारी मोटर स्पीडवेवर भरतात. काही शाळा स्वतःच्या गाड्या देतात, काही तुमची गाडी आणू देतात. स्विफ्ट, पोलो, आय-ट्वेंटीसारखी रोजची गाडी नेणाऱ्यांसाठी ही माहिती आहे.

मुळात एक गोष्ट पक्की धरून चला. ज्या गाडीने शिकायचं, तिनेच साडेअकराशे किलोमीटर घरी यायचं आहे. त्यामुळे रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं), एक्झॉस्ट, एअर फिल्टर यांवर पैसे घालवू नका. पहिल्या शाळेला लागतात ते ब्रेक, टायर आणि धडधाकट कूलिंग. कंपनीच्या इंजिनाची ताकद पहिले दोन-तीन दिवस पुरून उरते. ब्रेकचं मात्र तसं नाही.

ब्रेक ऑइल: सगळ्यात आधी

वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते. १६० वरून ब्रेक मारताना डिस्कमध्ये जिरवायची उष्णता ८० च्या चौपट असते, आणि ट्रॅकवर असे ब्रेक मिनिटात दोन-तीनदा लागतात. मध्ये गार व्हायला वेळच मिळत नाही. ही उष्णता पॅडमधून कॅलिपरच्या पिस्टनला आणि तिथून ब्रेक ऑइलला पोहोचते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषलेल्या ऑइलची मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. मुंबई-कोकणात दोन पावसाळे काढलेलं ऑइल ट्रॅकवर न्यायचंच नाही. ते उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पॅडल थेट खाली जातं.

काय करायचं? शाळेच्या आधीच्या आठवड्यात जुनं ऑइल पूर्ण काढून नवं भरून घ्या. चांगलं डॉट ४ किंवा डॉट ५.१ चालतं. मोटुल आरबीएफ ६०० सारखं रेसिंगचं ऑइल ताजं असताना ३१२ अंशांपर्यंत टिकतं, पण ते दरवर्षी बदलावं लागतं. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं. नाव ५.१ च्या जवळचं असलं तरी ते या गाड्यांत घालायचं नाही. छोट्या गाडीला एक लिटर पुरतं. अर्ध्या लिटरच्या दोन सीलबंद बाटल्या घ्या आणि तिसरी सोबत ठेवा. गॅरेजमध्ये कपाटावर उघडी राहिलेली बाटली मेकॅनिकने पुढे केली तर नाही म्हणा. एअर, म्हणजे ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा, काढायचा क्रम गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे ठेवा. बहुतेक गाड्यांत मास्टर सिलिंडरपासून लांबचं चाक आधी घेतात. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग सुटतो.

पॅड आणि डिस्क

नव्या पॅडला साधारण १० ते १२ मिलिमीटर मटेरियल असतं. निघताना किमान ७ असावं, कारण छोट्या गाडीचे पुढचे पॅड एका दिवसात २-३ मिलिमीटर सहज खाल्ले जातात. कंपनीचे पॅड पहिल्या वेळेला चालतात, फक्त सेशन, म्हणजे ट्रॅकवरची एक पाळी, छोटं ठेवावं लागतं. बदलायचेच असतील तर 'फास्ट रोड' प्रकारचे घ्या. निव्वळ शर्यतीचे पॅड थंड असताना नीट पकडत नाहीत, आणि परतीच्या पहाटे महामार्गावर म्हैस आडवी आली तर तेच नडतं.

नवे पॅड आधी बसवून घ्यावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर ८० वरून २० पर्यंत चांगला जोर देऊन, पण पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा ब्रेक मारा. मग दहा-पंधरा मिनिटं ब्रेकला शक्यतो हात न लावता गाडी चालवत गार करा. गरम पॅड घेऊन थांबलात तर पॅडचा थर डिस्कवर एकाच जागी चिकटतो आणि नंतर स्टिअरिंग थरथरतं.

ब्रेक दोन प्रकारे जातात आणि दोन्ही ओळखता यायला हवेत. पॅडल कडक आहे, पण गाडी थांबत नाही आणि जळका वास येतो: पॅड तापले. एक-दोन फेऱ्या हळू मारल्या की ते बहुतेक वेळा परत येतात. पॅडल मऊ होऊन खाली जातंय: ऑइल उकळलं. पॅडल भराभर दोन-तीनदा पंप करा, गिअर खाली आणा, हात बाहेर काढून पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या गाड्या थांबवायच्या जागी, या. गाडी गार झाल्यावर पॅडल ठीक वाटलं तरी एअर काढल्याशिवाय पुन्हा ट्रॅकवर जायचं नाही.

टायर, नट आणि बाकीची तपासणी

टायरच्या कडेला डॉट कोडच्या शेवटी चार आकडे असतात. २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षांहून जुना टायर, नक्षी कितीही शिल्लक दिसली तरी, नेऊ नका. कडेला फुगवटा किंवा चीर असेल तर शाळेच्या तपासणीतच परत पाठवतील.

हवा भरताना सुरुवात दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरपासून करा, आणि सकाळी टायर थंड असतानाच मोजा. पंधरा मिनिटांच्या सेशनमध्ये दाब ४ ते ६ पीएसआय वाढतो. टायरच्या खांद्यावर छोटा त्रिकोण असतो. तिथे पांढऱ्या बुटांच्या पॉलिशचा जाड पट्टा ओढा आणि सेशननंतर बघा. पॉलिश त्रिकोणाच्या टोकापर्यंत घासलं गेलं तर हवा बरोबर. त्रिकोण ओलांडून कडेपर्यंत गेलं तर टायर मुडपतोय, २ पीएसआय वाढवा. टोकापर्यंत पोचलंच नाही तर थोडी कमी करा. हा पट्टा पुढच्या चाकांवर, विशेषतः डाव्या चाकावर, नक्की ओढा. मद्रासचा ट्रॅक घड्याळाच्या दिशेने फिरतो, वळणं जास्त उजवी, त्यामुळे पुढचा डावा टायर सर्वांत जास्त झिजतो.

चाकाचे नट किंवा बोल्ट टॉर्क पान्याने (ठरवलेल्या जोराइतकंच आवळणारा पाना) आवळा. पोलोला १२० न्यूटन मीटर लागतो, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो. न्यूमॅटिक गनने आवळलेल्या नटांवर विसंबू नका. पहिल्या सेशननंतर चाकं गार झाली की पुन्हा तपासा.

इंजिन ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेजवळ ठेवा, पण खुणेच्या वर नको. लांब वळणात ऑइल एका बाजूला सरकतं आणि पातळी कमी असेल तर पंप हवा खेचतो. कूलंटमध्ये नुसतं पाणी भरलेलं असेल तर ते बदलून घ्या. रेडिएटरचा पंखा चालू होतो की नाही, हे पुण्यातच तपासा. बॅटरी हाताने हलवून बघा, हलली तर क्लॅम्प आवळा. टो-हूक (गाडी ओढून काढायचा हूक) कुठे बसतो ते आधी शोधून एकदा बसवून पाहा. काही गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात, आणि गाडी मातीत रुतल्यावर ते शिकण्यात अर्थ नाही.

कागद आणि विमा

लायसन्स, आरसी, पीयूसी, विमा सोबत हवेच. गाडी वडिलांच्या किंवा कंपनीच्या नावावर असेल तर परवानगीचं पत्र लागतं का, हे शाळेला आधी विचारा. विमा पॉलिसी काढून 'वापराच्या मर्यादा' हा भाग नीट वाचा. आपल्याकडच्या मोटर पॉलिसीत संघटित शर्यत, वेगचाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायल (गाडीच्या टिकाऊपणाची चाचणी) यांसाठीचा वापर वगळलेला असतो. म्हणजे ट्रॅकवर बंपर फुटला, गाडी रेलिंगला लागली तर खर्च तुमचा, असंच धरून चला. जी गाडी मोडली तर घरचं बजेट कोलमडेल, ती गाडी नेऊ नका. त्यापेक्षा शाळेची गाडी भाड्याने घेतलेली बरी. नव्या गाडीची वॉरंटीही अशा वापराला लागू होते का, ते वाचून घ्या.

हेल्मेट, कपडे, बसणं

पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट लागतं. मोटरसायकलचं आयएसआय हेल्मेट चालेल की कारच्या शर्यतीसाठीचं स्नेल एसए प्रतीचंच हवं, हे नाव नोंदवतानाच विचारा. एसए हेल्मेटचं अस्तर आगीला टिकणारं असतं, मोटरसायकलच्या हेल्मेटसाठी ती चाचणी नसते. अंगात पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि सुती पँट घाला, कारण सिंथेटिक कापड आगीत वितळून कातडीला चिकटतं. बूट पातळ तळाचे आणि अरुंद हवेत. चेन्नईच्या उकाड्यात घाम खूप जातो, दिवसाला तीन-चार लिटर पाणी आणि ओआरएसच्या पुड्या न्या.

सीट लावायची ती हेल्मेट घालूनच. पाठ सीटला टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. हात नऊ आणि तीनच्या जागी.

पिटमध्ये गाडी पूर्ण रिकामी करा: फ्लोअर मॅट, बाटल्या, डिकीतला जॅक, स्टेपनी, मोबाइलचा स्टँड, परफ्यूमची बाटली. डॅशबोर्डवरचा गणपतीही डबल टेपवर विसंबून ठेवू नका. जोरात ब्रेक लागला की चिकटवलेली वस्तू सुटून अंगावर येते. मूर्ती काढून रुमालात गुंडाळून बॅगेत ठेवा.

ट्रॅकवर

सकाळी झेंड्यांचा वर्ग असतो, तो पाठच हवा. पिवळा: पुढे धोका, हळू व्हा, ओव्हरटेक नाही. लाल: सेशन थांबलं, हळूहळू पिटमध्ये या. निळा: मागून वेगवान गाडी येतेय. पिवळे-लाल पट्टे: रस्ता निसरडा. काळा: तुम्हीच पिटमध्ये या. ओव्हरटेक फक्त सरळ रस्त्यावर, आणि पुढच्याने हाताने बाजू दाखवल्यावरच. तुमच्यामागे कोणी आलं तर हात स्पष्ट बाहेर काढा आणि ॲक्सिलरेटर थोडा सोडा, नाहीतर त्याला पुढे जाता येत नाही.

नवख्यांची ब्रेकची सवय उलटी असते: आधी हलका, मग वळण जवळ आलं की जोरात. ट्रॅकवर सुरुवातीलाच पूर्ण जोर द्यायचा, आणि स्टिअरिंग वळू लागेल तसा पाय हळूहळू उचलायचा. एबीएस लागलं की पॅडल पायाखाली धडधडतं. तो बिघाड नाही, पाय काढू नका. ब्रेक मारताना क्लच लवकर दाबू नका, इंजिनाचा ब्रेक फुकट जातो. वळणात गाडी बाहेरून आत आणि आतून बाहेर न्यायची, पण आतल्या कडेला थोडं उशिरा टेकवायची. लवकर टेकवली तर बाहेर पडताना रस्ता संपतो. ईएसपी (गाडी घसरू लागली की ती आपोआप सावरणारी यंत्रणा) चालूच ठेवा.

पुढची चाकं ओढणारी गाडी वळणात सरळ जाऊ लागली, टायर किंचाळू लागले, तर स्टिअरिंग आणखी वळवून उपयोग नाही. थोडं सरळ करा, ॲक्सिलरेटर हलका करा, पकड परत येते. वेगवान वळणात मात्र पाय झटकन काढू नका. वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडी गरकन फिरते. मद्रासला मुख्य सरळ रस्त्यानंतरचं पहिलं उजवं वळण वेगवान आहे, तिथे हे हमखास होतं. गाडी फिरलीच तर क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबा.

दोन चाकं रस्त्याबाहेर गेली तर लोक घाबरून स्टिअरिंग ओढतात, आणि खरा अपघात तिथेच होतो. मातीत पकड नसते, चाक वळलेलं राहतं, आणि डांबरावर येताच गाडी आडवी होऊन समोरच्या कडेला जाते. चाकं सरळ ठेवा, वेग हळूहळू कमी होऊ द्या, मग सावकाश आत या.

सेशन १५ मिनिटांच्या पुढे ताणू नका. शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न वापरता, वरच्या गिअरमध्ये मारा. पिटमध्ये हँडब्रेक ओढायचा नाही, तापलेल्या ड्रमला किंवा डिस्कला पॅड चिकटतात. पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला लाकडी ठोकळा लावा आणि बॉनेट उघडा. टर्बो गाडी असेल तर एक-दोन मिनिटं नुसती चालू ठेवून मगच बंद करा. पेट्रोल एका सेशनला पाच ते आठ लिटर जातं. टाकी पाव भागाखाली गेली की वळणात इंजिन झटके देतं, तेव्हा सकाळी येतानाच पंपावर भरून घ्या.

परतीच्या आधी

ट्रॅकवर तापलेल्या टायरमधून हवा सोडली असेल तर सकाळी तीच २७-२८ पीएसआयवर आलेली असते. त्या दाबावर सामान भरून महामार्गावर निघालात तर टायर कडेने तापून फुटतो. निघण्याआधी थंड टायरमध्ये स्टिकरवरचा पूर्ण भाराचा आकडा भरा. नट पुन्हा टॉर्क पान्याने बघा. इंजिन ऑइल मोजा, चाकांच्या आतल्या बाजूला ऑइलचे ओघळ आहेत का ते टॉर्च लावून पाहा. डिस्कवर निळी झाक आली असेल तर चालेल, पण कडेपर्यंत गेलेली भेग असेल तर डिस्क बदलावी लागेल. पॅडल पहिल्यापेक्षा खोल जात असेल तर सोबत आणलेली तिसरी बाटली उघडून चारही चाकांची एअर काढून घ्या. आणि पॅड ४ मिलिमीटरच्या खाली असतील तर ते श्रीपेरुंबुदूरलाच बदला, पुण्यापर्यंत ओढू नका.