बटाट्यापासून तिवरापर्यंत: परासरण डोळ्यांनी पाहा

कच्च्या बटाट्याच्या ५ सेंमी लांब, १ सेंमी जाड दोन कांड्या कापा. साल पूर्ण काढा. तिच्यातून पाणी नीट जात नाही. एक कांडी साध्या पाण्यात, दुसरी १०० मिली पाण्यात ५ ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बुडवा. २ तासांनी टिपून वाकवा. खाऱ्या पाण्यातली लवते, कारण पेशीपटलातून, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ पडद्यातून, पाणी जास्त खाऱ्या बाजूला बाहेर गेलेले असते. हेच परासरण. उकडलेला बटाटा नको, त्याची पेशीपटले फुटलेली असतात.

मग ठाणे खाडीच्या खाऱ्या पाण्यात तिवर, हे खारफुटीचे झाड, कसे तगते? त्याची मुळे बरेचसे मीठ बाहेरच अडवतात, उरलेले पानांवरच्या ग्रंथी बाहेर टाकतात. ऐरोलीच्या खाडीकाठी कोरड्या दुपारी पान न तोडता निरखा: बारीक स्फटिक चकाकतात. पावसाळ्यात ते धुऊन जातात.