मुंबई–दिल्ली विमानाला किती वेळ? अंतर आणि वेळ काढायची रीत

मुंबई सेंट्रल ते नवी दिल्ली राजधानीने साधारण १३८५ किलोमीटर, रस्त्याने १४०० च्या आसपास. विमानाच्या हिशेबाला दोन्ही आकडे कुचकामी. इथे लागतं विमानतळ ते विमानतळ सरळ अंतर, आणि ते साध्या कॅल्क्युलेटरवर निघतं.

नकाशाच्या ॲपवरून विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या. मुंबई १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व, दिल्ली २८.५७ उत्तर, ७७.१० पूर्व. आकडे अंश-मिनिटांत असतील तर मिनिटांना ६० ने भागा. १९ अंश ५ मिनिटं म्हणजे १९.०५ नव्हे, १९.०८. इथे बरेच जण फसतात.

अक्षांशांतला फरक ९.४८ अंश. अंशाला १११.२ किमी धरून १०५४ किमी. रेखांशांतला फरक ४.२३, पण रेखांश ध्रुवाकडे जवळजवळ येत जातात, म्हणून त्याला मधल्या अक्षांशाच्या (२३.८३) कोसाइनने, म्हणजे ०.९१५ ने, गुणायचं: ४.२३ × १११.२ × ०.९१५ = ४३०. दोन्हींच्या वर्गांची बेरीज, तिचं वर्गमूळ: ११३८ किमी. कोसाइन विसरलात तर दिल्लीला जेमतेम १६ किमी वाढतात, मुंबई–कोलकात्याला मात्र शंभरावर.

लांबच्या मार्गावर ही रीत चालत नाही. मुंबई–लंडन अशी काढली तर साडेसात हजारांच्या वर जाते. खरं अंतर सुमारे ७२०० किमी. तिथे महावर्तुळाचं (great circle), म्हणजे पृथ्वीच्या गोलावरून सर्वांत जवळच्या वाटेचं, सूत्र वापरावं. एक्सेलमध्ये ते मांडताना अंशांचं रेडियन (कोन मोजायचं दुसरं एकक) करायला विसरू नका, नाहीतर उत्तर भलतंच येतं.

आता वेळ. एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ विमान पुरेशा उंचीवर पोचलं की ताशी ८३० किमीच्या आसपास उडतं. ११३८ भागिले ८३० केलं की १ तास २२ मिनिटं येतात आणि तिकिटावर सव्वादोन तास दिसतात. कंपनी फसवत नाही. विमान ठरलेल्या हवाई मार्गांनी वळसे घेत जातं, म्हणून अंतरात पाचेक टक्के घाला: १२०० किमी, १ तास २७ मिनिटं. चढताना-उतरताना वेग कमी, त्याची १५ ते २० मिनिटं. उरलेली २० ते ३० मिनिटं जमिनीवर जातात, कारण तिकिटावरचा वेळ गेट सोडल्यापासून गेट गाठेपर्यंतचा असतो. दिल्लीच्या धुक्यात हा सगळा हिशेब कोलमडतो, ते वेगळंच.

पूर्व-पश्चिम लांब प्रवासात वारा बघावा लागतो. वरचे जोरदार वारे पश्चिमेकडून वाहतात, त्यामुळे लंडनहून येणं जाण्यापेक्षा लवकर होतं. हवाई हद्द बंद असेल तर वळसा आणखी वाढतो. २०१९ मध्ये पाकिस्तानने हद्द बंद केली तेव्हा भारतातून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना तो पडला होता.

परदेशी तिकिटावर दोन्ही वेळा स्थानिक असतात. मुंबईहून दुपारी १ ला निघून लंडनला संध्याकाळी ५:३० ला पोचणारं विमान साडेचार तासांचं नाही. हिवाळ्यात लंडन साडेपाच तास मागे, म्हणजे प्रवास १० तासांचा. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत फरक साडेचारच तास, तेव्हा त्याच वेळांचा अर्थ ९ तास.

शहराऐवजी विमानतळाचं नाव टाकूनच शोधा. गोव्यात दाबोळी आणि मोपा रस्त्याने साधारण साठ-पासष्ट किलोमीटरवर आहेत. आकाशात वाचलेला वेळ चुकीच्या विमानतळावर उतरलात तर टॅक्सीत जातो, वर भाडं वेगळं.