टेललाइटला एलईडी घेताय? आधी अँगल बघा

घरी टेललाइट बनवायची म्हटलं की प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, सगळ्यात ब्राइट एलईडी कुठला? इथंच गडबड होते. पाकिटावर एमसीडीचा (मिलिकँडेला, प्रकाशाची तीव्रता) आकडा मोठ्ठा छापलेला असतो, पण तो बरोब्बर समोरून मोजलेला, प्रकाश बारीक झोतात कोंबला की तो आपोआप वाढतो. मी जुन्या मारुती ८०० ला आधी साधे गोल डोक्याचे ५ एमएमचे लावले होते, वीसेक डिग्रीवाले, म्हणजे प्रकाश तेवढ्याच कोनात पसरणारे. मागे सरळ उभं राहिलं की डोळे दिपायचे आणि दोन पावलं बाजूला सरकलं की लाइट बंदच वाटायची. बाजूने येणाऱ्या बाइकवाल्याला काय दिसणार, कप्पाळ!

म्हणून चपट्या डोक्याचे स्ट्रॉ हॅट घ्या, १०० ते १२० डिग्रीचे मिळतात, नाहीतर चार पायांचे पिरान्हा. पायांमधूनच उष्णता बोर्डात उतरते, आणि खड्ड्यांच्या दणक्यातही चार पाय घट्ट धरून राहतात. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला सुटे मिळतात. घेताना चार-पाच जास्त घ्या, सोल्डरिंगमध्ये एखाददुसरा जळतोच.

लाल काचेमागे लालच एलईडी, ६२० ते ६३० नॅनोमीटर तरंगलांबीचा (रंग याच आकड्यावरून ठरतो). पांढरा लावू नका, त्याच्यात निळा-पिवळाच जास्त असतो, लाल काच तो सगळा गिळते आणि बाहेर येतो फिकट गुलाबी उजेड.

आता हिशोब. गाडी १२ व्होल्टची म्हणतात पण इंजिन चालू असताना १४.४ पर्यंत जाते, तेच धरा. लाल एलईडीला साधारण २.१ व्होल्ट, चार सिरीजमध्ये, म्हणजे एकामागून एक एका ओळीत जोडले की ८.४, उरले ६, ते रेझिस्टरवर (करंट आवरणारा भाग) पडतात. २० मिलिअँप करंट धरला तर ६ भागिले ०.०२ म्हणजे ३०० ओहम येतात, आपण ३३० चा पाव वॉट रेझिस्टर लावायचा म्हणजे जरा मार्जिन राहतं. लोक रेझिस्टर वाचवायला एकाच ओळीत पाच-सहा एलईडी ओढतात, मग इंजिन बंद असताना ब्रेक दाबला की मिणमिणतं. प्रत्येक ओळीला वेगळा रेझिस्टर, यात कंजुषी नको.

टेल आणि ब्रेक एकाच एलईडीवर हवं असेल तर दोन्ही वायरींना एकेक १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लागतोच, नाहीतर ब्रेक दाबला की करंट उलटा टेलच्या वायरीत शिरतो आणि नंबरप्लेटचा दिवा, डॅशबोर्ड सगळं उजळतं. (मी हे बघून वायरिंगच जळाली समजून बॅटरी काढली होती!) ब्रेकचा डायोड थेट जोडायचा, टेलच्या डायोडपुढे एक जादा रेझिस्टर. चार-चारच्या दहा ओळी असतील तर २७० ओहम अर्धा वॉट, टेल एकदम मंद दिसते आणि ब्रेक ठळक उठून दिसतो. हा फरक कमी ठेवलात तर मागच्याला कळणारच नाही तुम्ही थांबताय.

इंडिकेटरला ५९० नॅनोमीटरचा पिवळा. तो भराभर लुकलुकायला लागला तर घाबरू नका, एलईडीवाला फ्लॅशर रिले (इंडिकेटर लुकलुकवणारा स्विच) टाका.

आणि हो, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांना आडवं येतं, त्यामुळे रस्त्यावर न्यायच्या आधी आरटीओत विचारा.

बोर्ड सील करायच्या आधी भर दुपारी गाडी उन्हात लावून ब्रेकच्या पेडलला वीट टेकवा आणि अर्धा तास लाइट चालू ठेवा. मग गाडीच्या वीसेक पावलं मागे जाऊन आधी सरळ लाइटसमोरून, मग दोन्ही बाजूंनी बघा. बोर्डाला बोट लावून चटका बसला तर करंट कमी करा.