फ्लेक्सवर पांढऱ्या रेषा? प्रिंटरच्या हेडला लगेच दोष देऊ नका

गणपतीचा आठवडा, रात्रीचे अकरा, आणि दहा बाय वीसच्या फ्लेक्सवर नेमकी बाप्पाच्या सोंडेवर पांढरी रेष. अशा वेळी हात आपोआप हेडच्या (शाई फवारणाऱ्या भागाच्या) क्लिनिंगच्या बटणाकडे जातो. मीही तेच करायचो; शाई नुसती वेस्ट टँकमध्ये.

आधी लागोपाठ दोन नोझल टेस्ट काढा (नोझल म्हणजे हेडची शाई सोडणारी बारीक छिद्रं; कुठली बंद आहेत ते या छापील चाचणीत दिसतं). दोन्हींत तेच नोझल गायब असतील तर बहुतेक जाम झालंय. दर वेळी वेगळे गायब होत असतील तर हेड बिचारं निर्दोष असतं, कुठूनतरी हवा शिरतेय. मग डँपर (हेडच्या आधीची शाईची छोटी डबी) आणि कॅपिंग (थांबलेल्या हेडला झाकणारी रबरी कडेची टोपी) बघा.

कॅपिंगची परीक्षा सोपी. हेड बाजूला घ्या, कॅपमध्ये सिरिंजने क्लिनिंग सोल्युशन भरा, पंप चालवा. सोल्युशन खाली ओढलं गेलं नाही तर पंप किंवा नळीचं दुखणं. ओढलं गेलं तर रबराच्या कडेवरून बोट फिरवा (ग्लोव्हज घालून!). वाळलेल्या शाईचा खरखरीत थर लागला की समजा, कॅप हेडला चिकटून बसत नाही. स्वॅबने पुसा. रबर वाकडं झालं असेल तर बदलाच, हेडपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

नोझल पूर्ण, तरी रेषा? मग फीड, म्हणजे मीडिया (फ्लेक्सचा रोल) पुढे सरकणं. पांढरी रेष म्हणजे मीडिया जास्त सरकतोय, गडद म्हणजे कमी. रोल बदलला की स्टेप (दर वेळी किती सरकायचं ते माप) पुन्हा जुळवा.

कॅरेज (हेड घेऊन फिरणारा भाग) धडकत असेल तर एन्कोडर पट्टी (कॅरेजला जागा कळावी म्हणून लावलेली खुणांची पट्टी) पुसा, पण किंचित ओल्या फडक्याने. मी एकदा सॉल्व्हंट लावलं. पट्टीवरच्या बारीक खुणाच गेल्या, आणि मंडळाची पोरं दारात उभी.