रविवारी शेंगदाणे भाजा, आठवडाभर आमटीची चिंता नाही

संध्याकाळी दमून आल्यावर आमटीचं वाटण करायचा कंटाळा येतो. रविवारी अर्धा किलो शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजा, पूर्ण गार करून सालं पाखडा.

१. निम्म्याचं जाडसर कूट करा. मेथी, भरलं वांगं, काकडीची कोशिंबीर, सगळ्याला चालतं.

२. उरलेल्यात लसूण, जिरं, लाल तिखट, मीठ घालून तेल सुटेपर्यंत कुटा. ही आपली सोलापुरी शेंगाचटणी. मिक्सर चालेल, पण थांबत थांबत फिरवा. खलबत्त्याची चव मात्र खरंच वेगळी.

घाईच्या दिवशी दोन मोठे चमचे चटणी पाण्यात कालवून फोडणीवर ओता, उकळी आली की आमटी तयार. त्यात कडक भाकरी कुस्करा.

डब्यात ओला चमचा अजिबात नको. उन्हाळ्यात कूट फ्रिजमध्येच ठेवा, नाहीतर खवट होतं.