विद्यापीठाच्या ग्रंथालयात बाहेरचे वाचक म्हणून जाताय? या चुका टाळा

बाहेरच्या, म्हणजे सभासद नसलेल्या वाचकाला मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात मिळणारा वेळ वाटतो त्यापेक्षा बराच कमी असतो. विरार किंवा बदलापूरहून निघून पोहोचेपर्यंत अकरा वाजतात. नोंदणी आणि पावतीत अर्धा-पाऊण तास जातो, दुपारी जेवणाच्या सुट्टीत काउंटर थंडावतो आणि आतून पुस्तकं काढून देणं वाचनकक्ष बंद होण्याच्या बरंच आधी थांबतं. हातात उरतात जेमतेम चार तास. ते वाचनात जाणार की शोधाशोधीत, हे तुम्ही घरी काय तयारी केली त्यावर ठरतं.

चुकीच्या आवारात पोहोचणं

विद्यापीठाचा संग्रह एका जागी नाही. फोर्टला ओव्हल मैदानासमोर राजाबाई टॉवरची, १८७८ साली पूर्ण झालेली इमारत आहे, आणि कालिन्याच्या विद्यानगरीत जवाहरलाल नेहरू ग्रंथालय. शिवाय विभागांची स्वतःची कपाटं वेगळी. ऑनलाइन तालिकेत (कॅटलॉगमध्ये) पुस्तक सापडलं की लोक खूश होऊन निघतात, पण त्याच नोंदीत पुस्तक कुठल्या ठिकाणी आहे तो रकाना वाचत नाहीत. फोर्टला पोहोचल्यावर पुस्तक कालिन्यात आहे असं कळलं, तर चर्चगेटहून स्लो लोकल, सांताक्रूझ पूर्वेला उतरून बस किंवा रिक्षा, म्हणजे सकाळ गेलीच. मध्य रेल्वेवाल्यांना कालिन्यासाठी कुर्ला पश्चिम सोयीचं पडतं. विद्यानगरी आणि विद्याविहार या दोन वेगळ्या जागा आहेत, रिक्षावाल्याला नीट सांगा. आणि चर्चगेटचं एसएनडीटी हे स्वतंत्र विद्यापीठ आहे. त्याचं ग्रंथालय, त्याचे नियम आणि त्यासाठी तुमच्या संस्थेकडून न्यायचं शिफारसपत्रही वेगळं.

अर्धवट पत्र

सर्वाधिक लोक इथे अडतात. नेहमीच्या सभासदावर ग्रंथालयाचा एक धाक असतो: पुस्तक परत केलं नाही तर नो ड्यूजचा (काही देणं बाकी नसल्याचा) दाखला मिळत नाही आणि पुढची कागदपत्रं अडतात. तुमच्यावर तसा कुठलाच धाक नाही. म्हणून पत्र, अनामत आणि पुस्तक घरी न देण्याचा नियम. हे समजून घेतलं की काउंटरवर वाद घालावासा वाटत नाही.

‘हा आमचा विद्यार्थी आहे, सहकार्य करावे’ एवढ्या दोन ओळी पुरत नाहीत. पत्र संस्थेच्या लेटरहेडवर हवं, त्यावर जावक क्रमांक आणि तारीख हवी, खाली प्राचार्य, विभागप्रमुख किंवा ग्रंथपालांची सही आणि गोल शिक्का. शिक्का विसरणारे फार. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार विद्यापीठ ग्रंथालयाच्या प्रमुखाचं पद ‘संचालक, ज्ञानस्रोत केंद्र’ असं आहे, तेव्हा पत्र त्या नावाने काढा. मजकूर साधारण असा असावा:

‘आमच्या महाविद्यालयाच्या एम.ए. (इतिहास) द्वितीय वर्षाच्या विद्यार्थिनीस “गिरणगावातील सार्वजनिक वाचनालये” या विषयासाठी आपल्या संदर्भ व नियतकालिक विभागातील साहित्य दि. … ते दि. … या काळात वाचनकक्षात बसून पाहण्याची परवानगी मिळावी.’

विषय, विभाग आणि मुदत या तीन गोष्टी त्यात असल्या की पुढचे प्रश्न आपोआप कमी होतात. मूळ पत्र, दोन झेरॉक्स, ओळखपत्राची मूळ प्रत आणि झेरॉक्स, दोन फोटो एवढं एका प्लास्टिक फोल्डरमध्ये ठेवा. पावसाळ्यात शाईची सही ओघळलेलं पत्र कोणी स्वीकारत नाही. संस्थेत नसलेल्यांनी स्वतःचा सविस्तर अर्ज आधी पाठवावा आणि लेखी उत्तर आल्यावरच निघावं. पत्रकार किंवा लेखक असाल तर संपादकाचं किंवा प्रकाशकाचं पत्र जोडावं.

‘काहीतरी बघायचंय’ म्हणत काउंटरवर जाणं

तालिका घरबसल्या उघडत असेल तर यादी घरीच करा. मराठी पुस्तकांच्या बाबतीत एक जुनी अडचण आहे. अनेक जुन्या नोंदी रोमन लिपीत केलेल्या असतात, तेव्हा देवनागरीत शोधून ‘काही सापडलं नाही’ आलं म्हणजे पुस्तक नाही असं नव्हे. ‘व’साठी व्ही की डब्ल्यू, ‘श’मध्ये एच आहे की नाही, शेवटी जादाचा ए लावलाय का, असं बदलून पाहा. पूर्ण नाव टाकण्याऐवजी लेखकाचं आडनाव आणि शीर्षकातला एकच ठळक शब्द टाका. तरीही नाही मिळालं तर जुनी कार्डांची तालिका पाहता येईल का, असं विचारा.

यादीत नाव, लेखक, आवृत्ती आणि खंड तर हवेतच, पण मुख्य म्हणजे बोधांक (कॉल नंबर, म्हणजे पुस्तकाची कपाटातली जागा सांगणारा क्रमांक) पूर्ण उतरवा. पुस्तकाच्या कण्यावर त्याच्या दोन-तीन ओळी असतात: वर विषयाचा वर्गांक, खाली लेखकाच्या नावाचं चिन्ह. ड्युई या विषयवार वर्गीकरणाच्या पद्धतीत मराठी कादंबरी-कथा ८९१.४६३ मध्ये येतात, म्हणजे नुसता वर्गांक लिहून दिला तर तुम्ही शिपायाला शेकडो पुस्तकांच्या रांगेपुढे उभं केलंत. स्वतः शोधत असाल तर दशांशानंतरचे आकडे एकेक करून वाचा. महाराष्ट्राच्या इतिहासाचं ९५४.७९२ हे ९५४.८ च्या आधी येतं; आकडा मोठा दिसतो म्हणून लोक पुढच्या कपाटात शोधत बसतात. अंकाआधी आर असेल तर ते संदर्भाचं पुस्तक, जागेवरच वाचायचं.

‘उपलब्ध’ दिसतंय पण जागेवर नाही, हेही नेहमीचं. आजूबाजूचे दोन कप्पे, वरचा-खालचा खण, वाचलेल्या पुस्तकांची ट्रॉली आणि टेबलं एवढं पाहा. नसेल तर ते बांधणीला गेलंय का, दुसरी प्रत आहे का, हे काउंटरवर विचारा. आणि स्वतः काढलेलं पुस्तक स्वतः परत कपाटात ठेवू नका, टेबलावरच सोडा. चुकीच्या खणात गेलेलं पुस्तक पुढच्या साठा-पडताळणीपर्यंत हरवल्यातच जमा. चांगल्या हेतूने केलेली ही मदत सगळ्यात महाग पडते.

जे घरी मिळतं त्यासाठी खेप

पीएचडीचा प्रबंध हवा असेल तर आधी शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात पाहा. तिथे मिळाला तर येण्याची गरजच नाही. ई-नियतकालिकांचा प्रवेश बहुतेकदा आवारातल्या नेटवर्कवरून ओळखला जातो, त्यामुळे वाचनकक्षात बसून स्वतःच्या मोबाइल डेटावर लेख उघडत नाही. ग्रंथालयातल्या संगणकावर पाहुण्यांना परवानगी आहे का ते विचारा. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या केंद्र सरकारच्या योजनेत सुमारे १३,००० नियतकालिकं आहेत. तुमचं स्वतःचं महाविद्यालय सरकारी असेल तर तिथेच चौकशी करा.

अख्ख्या पुस्तकाची झेरॉक्स मागणं

संशोधनासाठी वाजवी प्रमाणात नक्कल करायला १९५७ चा कॉपीराइट कायदा मुभा देतो, अख्खं पुस्तक छापून न्यायला नाही. हक्क लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं टिकतो. १९६० मध्ये वारलेल्या लेखकाचं साहित्य २०२१ च्या सुरुवातीला मोकळं झालं. अप्रकाशित प्रबंधांबाबत ग्रंथालयं जास्त कडक असतात, ते साहजिकच आहे.

जुन्या वर्तमानपत्रांचे बांधीव खंड मात्र हक्क संपले तरी मशीनवर दिले जात नाहीत. त्या कागदात आम्ल असतं, त्याने तो पिवळा आणि ठिसूळ होतो. काचेवर दाबला की घडीवर तुटतो, कणाही उसवतो. फ्लॅश बंद ठेवून फोटो घेण्याची परवानगी मागा. खंड सपाट उघडू नका, दोन्ही बाजूंना दुसरी पुस्तकं टेकवून आधार द्या. प्रत्येक फोटोआधी तारीख आणि पृष्ठांक असलेला भाग टिपून ठेवा, नाहीतर घरी गेल्यावर शंभर फोटोंतली कुठली बातमी कुठल्या अंकातली ते कळणार नाही.

बारीकसारीक

बॅग आणि छत्री बाहेर राहते. पैसे, फोन, औषध काढून घ्या आणि बॅगेचा बिल्ला सांभाळा. आत सुटे कागद आणि पेन्सिल न्या. हस्तलिखितं आणि पोथ्यांपाशी शाईचं पेन चालत नाही. निघायच्या आदल्या दिवशी फोन करून वेळ विचारा, कारण गणपती, दिवाळी आणि अतिवृष्टीच्या इशाऱ्याच्या दिवसांत वेळापत्रक बदलतं. अनामत रक्कम भरली असेल तर पावतीची मूळ प्रत जपून ठेवा. झेरॉक्सवर परतावा मिळवताना नवा अर्ज करावा लागतो, आणि त्यासाठी आणखी एक खेप.