सीझन संपवणाऱ्या पराभवाचा पंचनामा कसा करायचा

कॉलेज बेसबॉलमध्ये सीझन संपवणाऱ्या सामन्याचा राग बहुतेक वेळा शेवटी जो डोळ्यांसमोर होता त्याच्यावर निघतो. शेवटचा हिट देणारा पिचर (चेंडू टाकणारा), नाहीतर त्याला माउंडवर, म्हणजे चेंडू टाकायच्या जागेवर, पाठवणारा कोच. त्यांची चूक असेलही. पण ती होती का आणि किती होती, हे बॉक्स स्कोअर (सामन्याच्या आकड्यांचा तक्ता) आणि प्ले-बाय-प्ले (घडलेल्या प्रत्येक गोष्टीची क्रमवार नोंद) समोर घेऊन तासाभरात तपासता येतं. फक्त हे काम त्याच रात्री करू नका. सामना संपल्यावर लगेच आकडे उघडले, की आपण ठरवलेल्या गुन्हेगाराविरुद्धचेच पुरावे दिसतात.

त्या रात्री पाळायचा नियम एकच: खेळाडूच्या खात्यावर काहीही लिहायचं नाही, त्याला टॅगही करायचं नाही. तो वीस-एकवीस वर्षांचा विद्यार्थी आहे आणि फोन त्याच्याही हातात असतो.

आधी फुकटचे बेस मोजा

दुसऱ्या दिवशी कागदावर दोन रकाने आखा, एक आपला, एक त्यांचा. प्रत्येकात वॉक (चार बॉल पडल्याने मिळालेला बेस), हिट-बाय-पिच (चेंडू अंगाला लागल्याने मिळालेला), एरर (फिल्डरची चूक), वाइल्ड पिच आणि पास्ड बॉल (कॅचरकडून निसटलेले चेंडू) मांडा. मग प्ले-बाय-प्लेमध्ये पाहा, यातले किती रनर घरी पोचले. कॉलेजच्या खेळात हा हिशेब फार बोलका असतो, कारण पिचरांचा कंट्रोल आणि फिल्डिंग या दोन्ही गोष्टी व्यावसायिक खेळाइतक्या पक्क्या नसतात. नवव्या इनिंगमधल्या हिटवर सामना गेला असं वाटत असतं, आणि कागद सांगतो की चौथ्या इनिंगमध्ये दोन आउट असताना दिलेले दोन वॉक पुढच्या डबलवर (बॅटरला दुसऱ्या बेसपर्यंत नेणाऱ्या हिटवर) घरी आले. इथे पिचरच्या ईआरएवर (दर नऊ इनिंगमागे दिलेल्या अर्न्ड रनच्या सरासरीवर) विसंबू नका. एररमुळे आलेले अनअर्न्ड रन त्यात धरले जात नाहीत, स्कोअरबोर्डवर मात्र ते असतातच.

मग आपली बॅटिंग. बहुतेकांचं बोट पहिल्यांदा 'लेफ्ट ऑन बेस'वर जातं. अकरा रनर बेसवर अडकले म्हणजे बॅटर दबावाखाली कोसळले, असा सरळ निष्कर्ष निघतो. पण अकरा जण अडकायला आधी अकरा जण बेसवर पोचावे लागतात. तीनच अडकले आणि एकच रन झाला, तर ती बॅटिंग जास्त वाईट.

नशिबाचा भाग किती, हे पाहायला होमरन सोडून मैदानात मारलेल्या चेंडूंपैकी किती हिट ठरले, याची सरासरी काढा. हिटमधून होमरन वजा करा. त्याला भागायचं ते ॲट-बॅट (वॉक वगैरे सोडून बॅटरच्या पाळ्या) वजा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर आउट), वजा होमरन, अधिक सॅक्रिफाइस फ्लाय (बॅटर झेलबाद, पण रनर घरी) या आकड्याने. समजा ३४ ॲट-बॅट, ८ स्ट्राइकआउट, १ होमरन, १ सॅक्रिफाइस फ्लाय आणि ५ हिट आहेत. वर राहिले ४, खाली २६, सरासरी ०.१५४. व्यावसायिक बेसबॉलमध्ये हा आकडा ०.३०० च्या आसपास राहतो आणि त्या हिशेबाने चारऐवजी जवळपास आठ चेंडू हिट ठरायला हवे होते. पण इथेच थांबून 'नशीब फुटकं' म्हणू नका. प्ले-बाय-प्लेमध्ये त्या आउटांचा प्रकार बघा. थेट फिल्डरच्या हातात गेलेले लाइन ड्राइव्ह (जोरदार, सरळ फटके) असतील तर दुर्दैव खरं. सगळे इनफिल्ड पॉप-अप (जवळच उंच उडालेले सोपे झेल) आणि शॉर्टस्टॉपकडे जमिनीवरून गेलेले मऊ ग्राउंडर असतील, तर समोरच्या पिचरने तुमच्या बॅटरांना बांधून ठेवलं होतं.

पिचिंगचा हिशेब शुक्रवारपासून

सगळ्यात जास्त राग इथे असतो आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात. म्हणून वेळ द्यायचा तर या भागाला द्या.

एनसीएए या अमेरिकन कॉलेज खेळांच्या संघटनेच्या डिव्हिजन वन, म्हणजे वरच्या गटाच्या, स्पर्धेत ६४ टीम असतात. पहिल्या टप्प्यात सोळा रीजनल, प्रत्येकात चार टीम, दोन पराभव झाले की बाहेर. जिंकत गेलेल्या टीमला तीन सामन्यांत रीजनल मिळतं, म्हणजे साधारण २७ इनिंग. शुक्रवारी किंवा शनिवारी एक सामना हरलेल्या टीमला तेच साधायला एकूण पाच सामने खेळावे लागतात: साधारण ४५ इनिंग, शुक्रवार ते सोमवार चार दिवसांत, आणि रविवारी बहुधा दोन सामने. या जादा १८ इनिंग कोण टाकणार? पहिले तीन स्टार्टर (सामना सुरू करणारे पिचर) संपलेले असतात. रविवारी रात्री ज्याच्यावर तुम्ही चिडला होता तो बुलपेनमधला (राखीव पिचरांमधला) सहावा-सातवा माणूस असण्याची शक्यता मोठी आहे. त्याला तिथे उभं केलं ते शुक्रवारच्या किंवा शनिवारच्या पराभवाने.

पडताळा असा करा. वीकेंडच्या प्रत्येक सामन्याच्या बॉक्स स्कोअरमधून पिचरनिहाय चेंडूंची संख्या उतरवा. आडवे रकाने दिवसांचे, उभी नावं सगळ्या पिचरांची. जे माउंडवर आलेच नाहीत त्यांचीही नावं हवीत. एनसीएएची चेंडूंवर सक्तीची मर्यादा नाही. मोजपट्टी म्हणून एमएलबी (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) आणि यूएसए बेसबॉलची 'पिच स्मार्ट' मार्गदर्शक तत्त्वं घ्या. १९ ते २२ वयोगटासाठी ती अशी: ३० चेंडूंपर्यंत विश्रांतीची सक्ती नाही, ३१ ते ४५ ला एक दिवस, ४६ ते ६० ला दोन, ६१ ते ८० ला तीन, ८१ ते १०५ ला चार आणि त्यापुढे पाच दिवस. एका सामन्यात जास्तीत जास्त १२०.

आता या तक्त्यावर रविवारी रात्री कोण उपलब्ध होतं ते खुणा करून ठरवा. शुक्रवारी ३८ चेंडू टाकलेला क्लोजर (शेवटच्या इनिंगसाठी राखलेला पिचर) एक दिवसाची विश्रांती घेऊन रविवारी दुपारी आला, तिथे २५ टाकले, मग रात्रीच्या सामन्यात त्याला न आणणं हा निष्काळजीपणा ठरत नाही. उलट ज्या पिचरचे तिन्ही दिवस रकाने रिकामे आहेत, सीझनमध्ये वॉक कमी आणि स्ट्राइकआउट बरे आहेत, आणि समोर त्याला सोयीचे डावखुरे बॅटर उभे होते, तो डगआउटमध्येच बसून राहिला असेल तर कोचला प्रश्न विचारायला जागा आहे. तिथेही एक फट ठेवा. छोटी दुखापत अनेकदा जाहीर होत नाही, त्यामुळे रिकामा रकाना म्हणजे तंदुरुस्त पिचर असं गृहीत धरता येत नाही.

'स्टार्टरला काढलं का?' हा दुसरा नेहमीचा वाद. सहाव्या इनिंगमध्ये ८० चेंडूंवर बरा चाललेला स्टार्टर काढला की लोक खवळतात. त्या क्षणी बॅटिंग ऑर्डर त्याला तिसऱ्यांदा भेटणार होती का, ते पाहा. तिसऱ्या फेरीत बॅटर त्याच पिचरला अधिक चांगलं ओळखतात, हे दीर्घकाळ दिसलेलं आहे. वेग उतरला होता का, हेही त्याच्या शेवटच्या इनिंगच्या फास्टबॉलवरून कळतं, प्रक्षेपणात आकडा दिसत असेल तर.

बंट आणि अंपायर

बंटवर (स्वतः आउट होऊन रनरला पुढे नेण्यासाठी बॅट नुसती टेकवून मारलेल्या फटक्यावर) चिडण्याआधी इनिंग आणि स्कोअर बघा. व्यावसायिक बेसबॉलच्या अलीकडच्या काळातल्या सरासरीनुसार पहिल्या बेसवर रनर आणि शून्य आउट असताना त्या इनिंगमध्ये सुमारे ०.८५ रनची अपेक्षा असते. यशस्वी बंटनंतर, म्हणजे दुसऱ्या बेसवर रनर आणि एक आउट असताना, ती ०.६६ च्या आसपास उतरते. तिसऱ्या इनिंगमधला बंट म्हणूनच महागात पडतो. बरोबरीच्या नवव्या इनिंगमध्ये मात्र एकच रन पुरतो, आणि निदान एक रन होण्याची शक्यता दोन्ही स्थितींत चाळीस टक्क्यांच्या आसपासच असते. तिथे वाद घालण्यात फारसं हशील नाही.

अंपायरच्या स्ट्राइक झोनबद्दल (चेंडू स्ट्राइक ठरवणाऱ्या चौकटीबद्दल) बोलायचं तर चुकलेले कॉल दोन्ही बाजूंचे मोजा आणि काउंट (तेव्हाचे बॉल-स्ट्राइक) लिहा. एक-एकच्या काउंटवर चुकलेला कॉल जड असतो, कारण तिथून एक-दोन किंवा दोन-एक होतो आणि ॲट-बॅट बदलतो. तीन-शून्यवरच्या चुकीच्या स्ट्राइकने इतकं बिघडत नाही. पडद्यावरची चौकट अचूक असेलच असं नाही, तेव्हा रेषेवरचे चेंडू मोजणीतून सोडून द्या.

सीझन खरंच किती चांगला होता?

टीमने किती प्रमाणात सामने जिंकायला हवे होते, याचा अंदाज असा: केलेल्या रनचा वर्ग भागिले केलेल्या आणि दिलेल्या रनच्या वर्गांची बेरीज. ५६ सामन्यांत ४०० केले आणि ३०० दिले, तर उत्तर ०.६४, म्हणजे सुमारे ३६ विजय. टीमने ४१ जिंकले असतील तर एका रनने सुटलेले बरेच सामने तुमच्या पदरात पडले होते आणि जूनमध्ये तो हिशेब उलटला. ३२ जिंकले असतील तर राग थोडा वाजवी आहे.

मानांकनाचा आधारही जपून घ्या. २०२२ मध्ये टेनेसी अव्वल मानांकित होती आणि ५७-९ वर संपली, पण तिच्याच नोक्सविलमधल्या सुपर रीजनलमध्ये (रीजनलनंतरच्या फेरीत) नोटर डेमने तिला रोखलं. त्याच वर्षी जेमतेम निवड झालेली ओल मिस ओमाहात, म्हणजे अंतिम टप्प्यात, विजेती ठरली. २०२५ मध्ये अव्वल मानांकित व्हँडरबिल्ट स्वतःच्याच मैदानावरच्या रीजनलमध्ये बाहेर पडली. २००८ ची विजेती फ्रेस्नो स्टेट तर रीजनलमध्ये चौथ्या क्रमांकाची टीम होती. तीन-चार सामन्यांत बेसबॉल असंच वागतो.

पुढचे दोन महिने काय पाहायचं

कोचला काढा, अशी मागणी जूनच्या पहिल्या आठवड्यात करणं घाईचं असतं, कारण पुढची टीम तेव्हा अस्तित्वातच नसते. ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) जूनमध्ये उघडं असतं. जुलैमध्ये एमएलबीचा वीस फेऱ्यांचा ड्राफ्ट, म्हणजे व्यावसायिक टीमकडून नव्या खेळाडूंची निवड, होतो. चार वर्षांच्या कॉलेजातले ज्युनियर (तिसऱ्या वर्षाचे), सीनियर (चौथ्या वर्षाचे) आणि २१ वर्षांचे खेळाडू त्यासाठी पात्र असतात, आणि तुमच्या कॉलेजला होकार दिलेली हायस्कूलची पोरंही तिथूनच व्यावसायिक बेसबॉलकडे वळू शकतात.

एका कागदावर तीन गट करा: नक्की परतणारे, ड्राफ्टला पात्र, आणि पोर्टलमधून आलेले-गेलेले. पहिल्या गटात वीकेंडचे किती स्टार्टर, कॅचर, शॉर्टस्टॉप आणि सेंटर फिल्डर उरतात ते मोजा. कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्याबद्दलच्या हाउस खटल्याच्या तडजोडीनंतर त्यात सामील कॉलेजांसाठी २०२५-२६ पासून ३४ खेळाडूंची मर्यादा आली आहे, त्यामुळे बेंचवरचे चांगले पिचर पूर्वीसारखे साठवून ठेवता येत नाहीत. ड्राफ्टमधले करार झाले की यादी दुरुस्त करा. शरद ऋतूतल्या सरावसामन्यांत रविवारचा तिसरा स्टार्टर म्हणून कोणाला आजमावलं जातंय, ते तिच्यासमोर लिहीत जा आणि फेब्रुवारीच्या मध्यात नव्या सीझनचा पहिला शुक्रवार येईल तेव्हा तीच यादी काढा.